घाट चढणाऱ्या वाघिणी

मालगाडीच्या डब्याला मराठीत वाघीण म्हणतात. ‘वॅगन’ हा साहेबाचा शब्द आपल्या माणसांच्या तोंडी आला आणि त्याची वाघीण झाली. लहानपणी मला हा शब्द अगदी खरा वाटायचा. रात्री कर्जतच्या घरात अंथरुणावर पडल्या पडल्या घाटाच्या बाजूने खर्जातली गुरगुर ऐकू यायची. ती वाढत जायची, दारं-खिडक्यांच्या काचा हलकेच थरथरायच्या आणि मग तो आवाज डोंगराच्या पोटात शिरून नाहीसा व्हायचा. आजी अंधारातच म्हणायची, “चालल्या बाबा वाघिणी वर.” मी पांघरूण डोक्यावरून ओढून घ्यायचो.

त्या वाघिणींची छायाचित्रं तुमच्या हातातल्या या पुस्तकात आहेत. कर्जत ते लोणावळा हा २८ किलोमीटरचा बोरघाट आणि त्यातून वर चढणाऱ्या, खाली उतरणाऱ्या मालगाड्या, एवढाच या पुस्तकाचा विषय. सिमेंट, खत, धान्य, पोलाद, पेट्रोल, मोटारी, बंदराकडे निघालेले कंटेनर हे सगळं या गाड्यांतून जातं. त्यांना बहुधा नाव नसतं आणि वेळापत्रकाच्या पुस्तकात त्या सापडत नाहीत. फलाटावर त्यांची कुणी वाटही बघत नाही. उलट त्या आल्या की लोक वैतागतात, कारण त्यांच्यामुळे आपली गाडी बाहेर उभी राहिली असणार अशी प्रत्येकाची खात्री असते.

“घाटात एवढ्या सुंदर प्रवासी गाड्या असताना मालगाड्यांच्या मागे का लागलास?” हा प्रश्न मला वर्षानुवर्षं विचारला गेला आहे. डेक्कन क्वीन माझ्याही जिवाभावाची गाडी आहे. पण उत्तर द्यायचं तर ते असं आहे: घाट मला मालगाडीने दाखवला.

डोंगराचा चढ डोळ्यांना नीट कळत नाही. रस्त्यावर उभं राहून पाहिलं तर बोरघाटातला लोहमार्ग जवळजवळ सपाटच वाटतो. प्रवासी गाडीत बसलेल्याला तर तो जाणवतही नाही. तो खिडकीतून धबधबे बघतो, वडा खातो, बोगदा आला की पोरांबरोबर ओरडतो आणि लोणावळ्याला उतरतो. मालगाडीचं तसं नाही. तिच्या पाठीवरचं ओझं तो चढ मोजून दाखवतं. इंजिनाच्या आवाजात, चाकांच्या कुरकुरीत, माणूस धावला तर बरोबरीने राहील अशा तिच्या गतीत डोंगर किती मोठा आहे ते कळतं. सह्याद्रीवर कविता पुष्कळ झाल्या, चित्रं पुष्कळ निघाली. पण सह्याद्रीचं वजन मला कळलं ते या गाड्यांकडे बघताना.

हा चढ ३७ मीटरला १ मीटर असा आहे. ऐकायला हा आकडा किरकोळ वाटतो. लोखंडी चाक लोखंडी रुळावर फिरतं तेव्हा घर्षण अगदी कमी असतं. सपाटीवर म्हणूनच रेल्वे इतक्या स्वस्तात इतका माल ओढते. पण तोच गुण घाटात अंगावर येतो. हजार टनांची गाडी या चढावर नुसती जागच्या जागी धरून ठेवायची म्हटली तरी सुमारे २७ टनांचा जोर लागतो. वर न्यायची तर त्याहून जास्त. आणि मालगाडी हजार टनांवर थांबत नाही. एकेका वाघिणीतच साठ टनांच्या आसपास माल असतो.

म्हणून कर्जतला मागून बँकर लागतात. बँकर म्हणजे गाडीच्या शेपटीला जोडलेली, ढकलणारी इंजिनं. बहुतेक वेळा तीन, एकमेकांना जोडलेली. घाट चढणाऱ्या बहुतेक प्रवासी गाड्यांनाही ती लागतात आणि त्या चार-पाच मिनिटांच्या थांब्यावर कर्जतच्या बटाटेवड्याचं नाव महाराष्ट्रभर झालं. सगळी इंजिनं पुढेच का लावत नाहीत, असं मी लहानपणी विचारायचो. पुढच्या इंजिनानेच सगळी गाडी ओढायची ठरवलं तर साऱ्या गाडीचा ताण पहिल्या कपलिंगवर, म्हणजे डबे जोडणाऱ्या सांध्यावर, येईल आणि ते तुटू शकतं. मागून रेटलं की ओझं वाटून घेतलं जातं. शिवाय घाटात मध्येच कपलिंग तुटलंच, तर मागे घसरू पाहणाऱ्या वाघिणींना थोपवायला खाली कुणीतरी उभं असतं. चढणाऱ्या माणसाच्या पाठीला हात लावून मागून चालणाऱ्या सोबत्यासारखं हे काम आहे.

हे सारं एका जागी उभं राहून पाहायचं असेल तर पळसदरीला जावं. कर्जतच्या पुढचं हे पहिलं स्थानक. इथून एक फाटा खोपोलीकडे जातो आणि मुख्य मार्ग घाटाला भिडतो. खोपोली लोकल इथे थांबते, त्यामुळे तिकीट काढून रीतसर फलाटावर बसता येतं. जुलैतल्या एका सकाळी मी तिथे बाकावर बसलो होतो. पाऊस नुकताच उघडला होता, डोंगर ढगात होता. माझ्या शेजारी एक वयस्कर गृहस्थ येऊन बसले. इंजिन चालवण्यात उभी हयात घालवून निवृत्त झालेले. मी कॅमेरा सरसावलेला बघून म्हणाले, “अरे, डोळ्यांनी काय बघतोस नुसता? आधी ऐक.”

कर्जतकडून बंद वाघिणींची गाडी येत होती. पुढचं इंजिन आमच्या समोरून गेलं. चेहऱ्यावर गरम वारा आला, पायाखालचा फलाट हलू लागला. “आता चढ लागला बघ,” काका म्हणाले आणि त्याच क्षणी इंजिनाचा सूर खाली आला, जड झाला. मग वाघिणी सुरू झाल्या. पहिल्या दहा-बारा वाघिणींची कपलिंगं ताठ ओढलेली होती. मधल्या वाघिणी सैल, एकमेकींवर हलकेच आपटत, ठक्‌-ठक्‌ करत चाललेल्या. आणि शेवटच्या वाघिणी दाबलेल्या, एकमेकींना भिडून, अगदी मुक्या. “ऐकलंस? पुढे ताण, मागे दाब. मधे कुठेतरी एक वाघीण असते, तिला कुणी ओढतही नाही आणि ढकलतही नाही. दोघांनी जोर बरोबर लावला की ती जागा हलत नाही. पुढच्याने आणि मागच्याने एकमेकांचं ऐकलं नाही, तर गाडीला हिसके बसतात.” मग ब्रेक व्हॅन गेली. तिच्यामागून तीन बँकर आले, त्यांच्या पंख्यांचा आवाज बराच वेळ दरीत घुमत राहिला. त्या दिवशी मी एकही छायाचित्र काढलं नाही. पण हे पुस्तक त्या दिवशी सुरू झालं.

या मार्गाचा इतिहास थोडक्यात सांगायला हवा, कारण प्रत्येक छायाचित्रात तो पायाशी आहे. १८५३ साली मुंबई-ठाणे गाडी धावली तेव्हाच ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या लोकांची नजर सह्याद्रीवर होती. देशावरचा कापूस बंदराला आणायचा होता. म्हणजे ही वाट मुळातच मालासाठी झाली. १८५६ साली घाटाचं काम सुरू झालं. मुख्य अभियंता होते जेम्स बर्कली. पहिल्या कंत्राटदाराच्या काळात मजुरीवरून १८५९ साली मजुरांचा उठाव झाला. पुढे सॉलोमन ट्रेडवेल कंत्राट घेऊन इंग्लंडहून आले आणि काही आठवड्यांतच आजारपणाने वारले. त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट स्वतःच्या हाती घेतलं आणि अभियंत्यांच्या मदतीने काम तडीला नेलं. १८६१ च्या सुमारास या डोंगरावर ४० हजारांहून जास्त माणसं राबत होती. दोरांना लटकून सुरुंगाची भोकं पाडणारे, डोक्यावरून मुरूम वाहणाऱ्या बायका, घण मारणारे वडार. २५ बोगदे खोदले गेले. पटकीने आणि तापाने हजारो माणसं मेली. १८६३ साली मार्ग सुरू झाला. अभियंत्यांची नावं कागदावर राहिली. त्या हजारोंची नावं कुठेच नाहीत.

लोकांनी मात्र आपल्या परीने एक नाव जपलं आहे. जुन्या खंडाळा रस्त्यावर शिंग्रोबाचं देऊळ आहे. दंतकथा अशी की इंग्रजांना घाटातून वाट सापडत नव्हती, ती शिंग्रोबा नावाच्या धनगराने दाखवली. बक्षीस काय हवं, असं विचारल्यावर त्याने देशाचं स्वातंत्र्य मागितलं आणि त्याला गोळी घातली गेली. आजही गाड्यांचे चालक तिथून जाताना नाणं टाकतात, हात जोडतात. वाट शोधणारा आपल्यातलाच होता, हे घाटाला सांगून ठेवायची ही लोकांची रीत आहे.

सुरुवातीला चढ इतका अवघड होता की खंडाळ्याजवळ गाडी एका टोकाला थांबवून उलट दिशेने पुढे न्यावी लागे. त्या जागेला रिव्हर्सिंग स्टेशन म्हणत. १९३० च्या सुमारास विजेची गाडी आली, नव्या बोगद्यांतून मार्ग वळवला गेला आणि ती कसरत संपली. वाफेची इंजिनं मागे पडून जी विजेची मालइंजिनं आली, त्यांनी घाटाचं रूप घडवलं असं म्हणायला हरकत नाही. १९२८ पासून आलेलं डब्ल्यूसीजी-१ हे त्यातलं सगळ्यांत लाडकं. मधे केबिन, दोन्ही बाजूंना लांब नाकाडं, बाजूला फिरणारे दांडे आणि वळणावर अंग मोडून वळणारा तीन तुकड्यांचा देह. परदेशात अशा इंजिनाला मगर म्हणतात. आपल्या माणसांनी त्याला खेकडा म्हटलं. पावसाळ्यात घाटातल्या ओहोळाकाठी दगडाखालून खेकडा निघताना ज्याने पाहिला आहे, त्याला हे नाव पटेल. त्यातलं एक इंजिन दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात जपून ठेवलं आहे. त्यानंतर चित्तरंजनला बनलेली डब्ल्यूसीजी-२ आली आणि तीन-तीनच्या जोडीने बँकर म्हणून घाटात राबली. या पुस्तकाच्या पहिल्या भागात त्यांची छायाचित्रं आहेत.

तेव्हा तारेत १,५०० व्होल्टचा डीसी प्रवाह होता. व्होल्ट कमी म्हणजे तेवढीच ताकद मिळवायला प्रवाह जास्त लागणार. तीन हजार किलोवॅट घ्यायचे तर दोन हजार अँपिअर. म्हणून जुन्या छायाचित्रांत डोक्यावरच्या तारा जाडजूड दिसतात, पावसात तारेला टेकणाऱ्या पँटोग्राफपाशी निळ्या ठिणग्या उडताना दिसतात. पुढे हा मार्ग २५,००० व्होल्टच्या एसी प्रवाहावर गेला, तारा सडपातळ झाल्या, कल्याण शेडची ५,००० अश्वशक्तीची डब्ल्यूएजी-७ इंजिनं घाटात दिसू लागली. दुसऱ्या भागात हा बदल पानापानाला दिसेल. ठिणग्या गेल्या याचं मला वाईट वाटतं. पण चढ तोच आहे, तो कुणालाही सवलत देत नाही.

चढण्यापेक्षा उतरणं कठीण. हे डोंगरात वाढलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही, गुडघे सांगतात. इथे शब्दांचीही एक गंमत आहे. रेल्वेच्या भाषेत मुंबईकडे जाणारी गाडी ‘अप’ आणि मुंबईहून निघालेली ‘डाऊन’. त्यामुळे बोरघाटात अप गाडी खाली उतरते आणि डाऊन गाडी वर चढते. उतरणाऱ्या मालगाडीला घाटात ठरलेल्या जागी पूर्ण थांबावंच लागतं. तिथे पुढच्या सांध्याची दिशा मुळात एका आंधळ्या फाट्याकडे लावून ठेवलेली असते. हा फाटा वर चढत जाऊन संपतो. त्याला कॅच सायडिंग म्हणतात. गाडी थांबली, ताब्यात आहे हे सिद्ध झालं, की मगच मुख्य मार्ग मोकळा होतो. थांबली नाही तर ती त्या फाट्यावर चढते आणि चढच तिला अडवतो. ज्या डोंगरामुळे धोका, त्याच्याच उताराचा उलटा उपयोग करून घेतलेला हा उपाय मला फार शहाणपणाचा वाटतो. उतरताना थांबलेल्या मालगाडीची छायाचित्रं या पुस्तकात मुद्दाम जास्त आहेत. वरवर पाहता त्यांत काहीच घडत नाही. तापलेल्या ब्रेकचा वास छायाचित्रात येत नाही, तो वाचकाने मनाने आणायचा आहे.

पावसाळा हा घाटाचा खरा कसोटीचा काळ. १८६७ च्या जुलैत घाटातला एक कमानी पूल कोसळला होता. २०१९ च्या पावसाळ्यात घाटातल्या मंकी हिल आणि नागनाथच्या टापूत दरडींनी आणि पावसाने मार्गाची इतकी हानी केली की मुंबई-पुणे वाहतूक दीर्घकाळ विस्कळीत राहिली. म्हणून पाऊस सुरू होण्याआधीच माणसं दोरांनी कड्यावर चढतात, सुटे झालेले दगड शोधतात आणि आपल्या हाताने खाली पाडतात. पावसाळाभर रात्रंदिवस गस्त चालते. हातात कंदील किंवा बॅटरी, पाठीवर झेंडे आणि फटाके, अंगावर रेनकोट आणि सोबतीला धुकं. फटाके म्हणजे रुळावर लावायचे; चाक त्यावरून गेलं की मोठा बार होतो आणि धुक्यात न दिसणारा धोका चालकाला कळतो.

छायाचित्रणाबद्दल थोडं. सह्याद्रीचा हा कडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी उशिरापर्यंत मार्ग सावलीत असतो आणि खरा प्रकाश दुपारनंतर मिळतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हवा धुतलेली असते, गवत सोनेरी झालेलं असतं, पलीकडे राजमाचीचे दोन्ही बालेकिल्ले स्पष्ट दिसतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस फुलतो. मे महिन्यात दरी धुरकट होते. तेव्हा कॅमेरा घरी ठेवून करवंदं खावीत. पावसात उजेड कमी, पण मालगाडी हळू चालते, म्हणून धीमा शटर चालून जातो. ती आपल्यासाठी थांबून उभी आहे असं वाटतं. लांब पल्ल्याचं भिंग वापरलं की वळण आवळलं जातं आणि एका चौकटीत पुढचं इंजिन, मधल्या वाघिणी आणि मागचे बँकर तिन्ही येतात. हे सगळं शिकायला मला वर्षं लागली, आणि त्यातली बहुतेक वाट बघण्यात गेली. मालगाडीची वेळ ठरलेली नसते. सिग्नल पिवळा झाला, माकडं रुळावरून उठून झाडावर गेली, की ओळखावं.

एक गोष्ट मात्र तरुण मित्रांना कळकळीने सांगतो. रुळांवर जायचं नाही, बोगद्यात शिरायचं नाही, पुलावर चढायचं नाही. तो कायद्याने गुन्हा आहे. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, उतरणारी गाडी घाटात तुमच्यासाठी थांबू शकत नाही. स्थानकात कॅमेरा काढण्याआधी स्टेशन मास्तरांना विचारावं. या पुस्तकातली छायाचित्रं फलाटांवरून, रस्त्यांवरून, गावांतून आणि नागफणीसारख्या डोंगरमाथ्यांवरून घेतलेली आहेत. नागफणीच्या टोकावरून खाली पाहिलं की गाडी मुंग्यांच्या रांगेसारखी दिसते, आणि तिचा आवाज मात्र छातीत वाजतो.

ज्या गाडीचं छायाचित्र इथे नाही, तिच्याबद्दलही लिहायला हवं. १९ एप्रिल २०२१ रोजी, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत माणसं प्राणवायूवाचून तडफडत असताना, कळंबोलीहून सात रिकामे टँकर घेऊन पहिली ऑक्सिजन एक्सप्रेस विशाखापट्टणमला निघाली. जवळची वाट मुंबईलगतच्या घाटांतून होती. पण वाघिणींवर चढवलेल्या त्या ट्रक-टँकरांची उंची घाटांतल्या बोगद्यांना आणि तारांना मानवणारी नव्हती. म्हणून गाडी वसई, सुरत, भुसावळ, नागपूर असा वळसा घेऊन गेली. परत आलेले टँकर काही नागपूरला, काही नाशिकला उतरले. त्या दिवसांत मी घरात बसून नकाशावर तिची वाट बोटाने गिरवत होतो. आपल्या आधी कुणीतरी डोंगर फोडून जेवढी जागा मोकळी केली, तेवढीच आजही आपली आहे. एकेक इंच कुणाच्या तरी श्रमाने मिळालेला आहे. हे मला त्या न दिसलेल्या गाडीने शिकवलं.

शेवटी, ही छायाचित्रं कशी पाहावीत याबद्दल. आधी गाडी पाहाच; तिच्यासाठीच सारा खटाटोप आहे. इंजिन, वळण, ढग, दरी सगळं पाहून घ्या. मग एकदा चित्राच्या कडेला नजर न्या. तिथे पुष्कळदा एक माणूस दिसेल. केशरी जाकीट, खांद्यावर हातोडा. गाडी आली म्हणून तो रुळापासून बाजूला होऊन उभा आहे. असा एक जण मला पहिल्यांदा भिंगातून दिसला तेव्हा मला वाटलं, तोही माझ्यासारखा गाडी बघतोय. मग लक्षात आलं, इंजिन गेलं तरी त्याची मान वळली नाही. तो चाकांकडे बघत होता. एक-एक वाघीण, एक-एक चाक. कुठे धूर येतोय का, काही लोंबतंय का, आस तापल्याचा वास येतोय का. शेवटचा बँकर गेल्यावर त्याने हातातला हिरवा झेंडा गुंडाळला, हातोडा पुन्हा खांद्यावर घेतला आणि गाडी गेली त्याच दिशेने, रुळांच्या कडेने, चढ चालायला लागला.